लांबमान्या चार वेळा घडवणाऱ्या परेराबाई

आमच्या परेराबाईंना यंदा पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी त्यांच्या अध्यापनावर दोन पाने लिहावीत, असे संपादक मंडळाने मला कळवले. दोन पानांत ते बसणार नाही, हे मी तेव्हाच सांगितले होते. शिवाय बाईंच्या अध्यापनावर लिहायचे तर मला एका सिमेंटच्या प्राण्यावर लिहावे लागेल, हेही सांगितले. मंडळातले बहुतेक जण आमच्याच शाळेचे माजी विद्यार्थी. ते हसले आणि म्हणाले, "लांबमान्यावर ना? लिही."

ज्यांनी आमची शाळा पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. मालवण तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावरच्या गावात, शाळेच्या पटांगणाच्या टोकाला, काजूच्या झाडांना लागून लांब मानेच्या डायनासोरचा एक पुतळा आहे. दोन होड्या एकीपुढे एक लावल्या तर भरतील एवढी त्याची लांबी. मुले त्याला लांबमान्या म्हणतात. परेराबाईंनी तो गावातल्या भिकू मेस्त्रींकडून करून घेतला, आणि पुढच्या तीसेक वर्षांत तीन वेळा फोडून पुन्हा करून घेतला. आज उभा आहे तो चौथा.

बाईंची आणि माझी ओळख या पुतळ्यामुळेच झाली. सातवी संपवून मी आठवीला हायस्कुलात आले. नाव घालायला बाबा बरोबर होते. माझे बाबा, दाजी केळुसकर, समुद्रात बुडी मारून खडकांवरचे शिणाणे काढायचे. शिणाणे म्हणजे हिरवट काळ्या कवचाचे शिंपले. शाळेची पायरी ते त्या दिवशी पहिल्यांदाच चढत होते. कचेरीतले काम झाल्यावर ते पुतळ्यापाशी जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ हललेच नाहीत.

तेव्हाचा लांबमान्या पाण्यात होता. म्हणजे पटांगणात एक मोठा हौद होता आणि त्यातून प्राण्याची पाठ, हंसासारखी वर वळलेली मान आणि इवलेसे डोके बाहेर आलेले होते. बाई मूळच्या शिरोड्याच्या. त्यांचे मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी कुठल्याशा बंदरातून आणलेल्या जुन्या इंग्रजी पुस्तकात असे चित्र होते. एवढे अवाढव्य धड जमिनीवर पायांना पेलणारच नाही, तेव्हा हा प्राणी खोल दलदलीत तळाशी उभा राहत असणार आणि पाणीच त्याचा भार उचलत असणार, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. कवटीतली नाकाची भोके डोक्याच्या माथ्यावर होती, म्हणून तर ही समजूत अधिकच पक्की झाली होती. बाईंनी त्या चित्राबरहुकूम हौद बांधून घेतला होता आणि बाहेरगावच्या एका मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले होते.

बाबांनी मला हळूच विचारले, "गो, ह्येची छाती खंय?"

"पाण्याखाली. खूप खोल."

"मगे ह्यो श्वास कसो घेता?"

"मान वर काढून."

बाबांनी मान हलवली. "जमाचा नाय."

पंधरा दिवसांनी बाईंनी वर्गात हाच धडा काढला. प्राणी तळाशी उभा राहून लांब मानेने श्वास घेई, असे त्यांनी सांगितले आणि मी उभी राहिले. म्हणाले, "बाई, माझे बाबा म्हणतात, तसा श्वास घेता येत नाही."

"काय करतात तुझे बाबा?"

"शिणाणे काढतात."

"मग त्यांनी डायनासोर कुठल्या खडकावर पाहिला?"

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. बाईंच्या स्वभावात तिखटपणा आहे, हे या ग्रंथात इतरही लिहितीलच. त्या दिवशी तो माझ्या वाट्याला आला. मी घरी जाऊन सांगितले की मला शाळेत जायचे नाही. आईला ते बरेच वाटले. ती मालवणच्या बाजारात मासे विकायची, तिला मदतीला कोणीतरी हवेच होते. चार दिवस मी आईबरोबर पाटी घेऊन बाजारात गेले. पाचव्या दिवशी नाव काढून आणायचे असे ठरत आले होते.

त्या पाचव्या दिवशी दुपारी परेराबाई आमच्या घरी आल्या. मी मागीलदारी लपले. त्या मला न्यायला आल्या असतील असे मला वाटले होते. पण त्यांनी माझे नावही काढले नाही. ओट्यावर बसून त्या बाबांना म्हणाल्या, "दाजी, ता श्वासाचा काय म्हणत होतास, माका नीट सांग बघया."

बाबा संकोचले. "बाईनू, मी शिकलेलो नाय. माका काय कळता?"

"म्हणान तर विचारतंय."

मग बाबांनी सांगितले. तरुणपणी त्यांना एक युक्ती सुचली होती. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. तो तोंडात धरायचा, दुसरे टोक पाण्याबाहेर ठेवायचे, म्हणजे पुन्हा पुन्हा वर यायला नको. "हातभर खाली होतंय तवसर बरा चल्ला. आणखी वाईच खाली गेलंय, तर वारो आत येयनासो झालो. देठ उघडो, तोंड उघडा, पण छातीच फुगना नाय. पाणी छातीर बसता, बाईनू. आणि तुमचा ता जनावर तर माडाएवढ्या पाण्यात उभा. तेची छाती कशी फुगतली?"

बाई म्हणाल्या, "माका बघूचा आसा."

"काय?"

"देठ काढ. व्हाळाच्या पाण्यात नको, दर्यातच जावया."

ओहोटी होती. आईने परसातल्या पपईचे लांबसे पान तोडून दिले. मी लपलेली जागा सोडून मागोमाग गेले. बाईंनी साडीचा पदर खोचला आणि खडकांमधल्या शांत पाण्यात उतरल्या. शिरोड्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या बाईंना पोहायला येत होतेच. पहिल्यांदा त्या देठ तोंडात धरून नुसत्या वाकल्या. दुसऱ्यांदा खाली बसल्या. तिसऱ्यांदा बाबांनी दाखवलेल्या खोल जागी पूर्ण बुडाल्या, देठाचे टोक तेवढे वर दिसत राहिले. आम्ही पाहत होतो. थोड्याच वेळात त्या खोकत, धापा टाकत वर आल्या. आई धावली. बाई एका हाताने तिचा खांदा धरून उभ्या होत्या आणि दुसऱ्या हाताने बाबांकडे बोट दाखवत हसत होत्या.

खडकावर बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले. ते शब्द मला तसेच्या तसे आठवतात. "सुमन, तू बरोबर आहेस की नाही, ते अजून मला ठाऊक नाही. एका माणसाच्या छातीवरून एवढ्या मोठ्या जनावराचं ठरवता येत नाही. पण तू विचारलंस ते बरोबर होतं, आणि मी हसले ते चूक होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेच वाक्य सबंध वर्गापुढे म्हटले. मी त्या दिवशी वर्गात होते. त्यानंतर शाळा सोडण्याचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

पण बाई तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी पुण्यातल्या एका महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना पत्र लिहिले. बाईंचे अक्षर अतिशय वाईट, म्हणून ते पत्र मी स्वच्छ लिहून दिले होते. कित्येक महिन्यांनी उत्तर आले, चांगले सात पानांचे. बाईंनी ते सलग दोन तास घेऊन आम्हांला वाचून दाखवले. त्यातून आम्हांला प्रथमच कळले की या प्राण्याचे रूप शास्त्रज्ञांनी किती वेळा बदलले आहे. पहिली हाडे सापडली तेव्हा तो देवमाशासारखा समुद्रात राहणारा प्राणी वाटला. मग पाय सापडले, तेव्हा तो दलदलीत आला. मध्यंतरी काहींनी त्याला पालीसारखे पाय फाकवून सरपटत चालवले. पण त्याच्या बरगड्या इतक्या खोल होत्या की तसे चालायला त्याला जन्मभर चर खणत जावे लागले असते, असे दुसऱ्यांनी दाखवून दिले. एका जातीच्या सांगाड्यावर तर कित्येक वर्षे भलत्याच प्राण्याच्या धर्तीचे डोके बसवलेले होते. आणि खोल पाण्यात छातीवर दाब येऊन श्वास घेता येणार नाही, ही शंकाही एका अभ्यासकाने फार पूर्वी काढली होती. आता बहुतेक तज्ज्ञ त्याला हत्तीसारख्या सरळ, खांबासारख्या पायांचा जमिनीवरचा प्राणी मानतात, असे प्राध्यापकांनी लिहिले होते.

पत्र संपवून बाई म्हणाल्या, "सुमन, तुझ्या बाबांसारखाच विचार करणारं कोणीतरी तिकडेही होतं. आणि माझ्या पुस्तकाला याचा पत्ता नव्हता." त्यांना इतका आनंद झाला होता की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकूच आली नाही.

मग हौद रिकामा करायचे ठरले आणि एक भलतीच गोष्ट उघडी पडली. पाण्याखालचे कोणाला दिसणार नाही म्हणून भिकू मेस्त्रींनी प्राण्याला पायच केले नव्हते. पाणी गेल्यावर चार जांभ्या दगडांच्या खांबांवर टेकलेले एक पोट तेवढे राहिले. मुलांची हसून पुरेवाट झाली. मात्र संस्थेचे तेव्हाचे चेअरमन हसले नाहीत. एवढ्या मोठ्या पाहुण्यांनी उद्घाटन केलेली वस्तू चुकीची होती, असे गावाला सांगायचे? लोक काय म्हणतील? त्यांनी बाईंना कचेरीत बोलावले. मी तिथे पाण्याचा तांब्या घेऊन गेले होते, म्हणून हे मला ऐकायला मिळाले.

"बाई, आहे तसं राहू द्या. मुलांना काय फरक पडतो?"

"मुलांनाच पडतो, साहेब."

"उद्या शास्त्रज्ञ आणखी काही म्हणाले तर?"

"तर पुन्हा फोडू."

"मग जबाबदारी तुमची. तसं लिहून द्या."

बाईंनी तिथेच लिहून दिले. पुढे मुख्याध्यापकपद रिकामे झाले तेव्हा ते बाईंना मिळाले नाही, त्यांच्यामागून लागलेल्या एका शिक्षकांना मिळाले. या दोन गोष्टींचा संबंध होता का, मला सांगता येणार नाही. बाई म्हणतात, नव्हता. मी आता स्वतः त्या शाळेत बावीस वर्षे शिकवते आहे, आणि मला वाटते, होता. पण एवढ्या वर्षांत बाईंच्या तोंडून त्याबद्दल कडू शब्द मी ऐकलेला नाही.

पाय बसले, मागे शेपूटही लागली. पुतळ्याशेजारी बाईंनी एक फलक उभा केला. वर मोठ्या अक्षरांत, "या प्राण्याविषयी आमच्या समजुतीत झालेले बदल". खाली पहिली ओळ: "पाणी काढले, पाय घातले. शंका काढणारे: श्री. दाजी केळुसकर, शिणाणे काढणारे." बाबांना वाचता येत नव्हते. त्यांनी मला ती ओळ दोनदा वाचायला लावली आणि अक्षरांवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "शाळेत माझा नाव कोणी घातल्यानच नव्हता. आता लागला."

हे बाईंनी बाबांसाठी केले. बुड्या मारून मारून पुढे बाबांचे कान गेले. तेव्हा त्यांना गोव्याला डॉक्टरांकडे नेण्यासाठी बाईंनी आपल्या तीन सुट्ट्या खर्ची घातल्या. डॉक्टर काय म्हणतात ते बाबांना ऐकू येत नसे, म्हणून बाई त्यांच्यासमोर बसून खुणांनी समजावत. एक कान थोडाफार परत आला. बाबा म्हणायचे, त्या कानाने त्यांना बाईंचाच आवाज सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो, कारण बाई कोणाशीही वर्गात बोलल्यासारख्याच बोलतात.

शिक्षण पुरे करून मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून आमच्याच शाळेत लागले, तेव्हा बाईंच्या निवृत्तीला थोडीच वर्षे उरली होती. लांबमान्याची शेपूट तोवर जमिनीवर लोळत होती. बाईंनी नव्या पुस्तकात वाचले होते की या प्राण्यांच्या पावलांचे ठसे जगात अनेक ठिकाणी सापडले, पण शेपूट घासल्याची रेघ त्यांत जवळजवळ कुठेच नाही. त्यांनी मुलांना हे सांगितले नाही. आम्ही आठवीचा वर्ग घेऊन तोंडवलीच्या किनाऱ्यावर गेलो आणि बाईंनी मुलांना वाळूतले माग शोधायला लावले. सुरूच्या झाडांखाली घोरपडीचा माग मिळाला, पावलांच्या मधोमध शेपटीची वळणे घेत गेलेली रेघ. पुढे गुरांचा माग होता, त्यात रेघ नव्हती. मग बाईंनी पिशवीतून डायनासोरच्या ठशांचा फोटो काढला आणि नुसता मुलांपुढे धरला. वर्गातल्या एका मुलीने पटकन विचारले, "मग आमच्या लांबमान्याची शेपटी खाली कशाला?" फलकावरची दुसरी ओळ तिच्या नावाची आहे.

शेपूट उचलणे मात्र सोपे नव्हते. भिकू मेस्त्री तोवर थकले होते. ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बाईनू, ह्या जनावराक एकदाचा सुखान मराक तरी देवा."

त्यांनी जुनी शेपूट तोडून नवी केली, पण ती दोनदा वाकून खाली आली. तिसऱ्या वेळी मेस्त्री पुतळ्याभोवती फिरले, मानेकडे पाहिले आणि म्हणाले, "शेपटेक येगळी सळी घालून उपेगाचा नाय. मानेपासून शेपटेपर्यंत एकच सळी व्हयी. फुडे मान वडतली, मागे शेपूट वडतली, मदी पाय. तराजूसारखा." पाठ फोडून तशी सळी घातली आणि शेपूट राहिली. बाईंनी त्यांना सांगितले की शास्त्रज्ञ अगदी हेच म्हणतात, की लांब मान आणि लांब शेपूट एकमेकींना तोलून धरत असणार. मेस्त्री म्हणाले, "मगे तेंनी आधी नाय सांगूचा?"

त्या वर्षीच्या नाताळात बाईंनी मेस्त्रींना, मला आणि माझ्या घरच्यांना जेवायला बोलावले होते. कोंबडीचा रस्सा होता. जेवता जेवता बाईंनी ताटातले एक हाड मोडून मेस्त्रींना दाखवले. आत पोकळ. या प्राण्यांच्या मानेचे मणकेही असेच आतून पोकळ, हवेने भरलेले होते, पक्ष्यांच्या हाडांसारखे, म्हणून एवढी मान त्यांना पेलत असे. मेस्त्रींनी ते हाड हातात फिरवले, बाईंकडे संशयाने पाहिले आणि म्हणाले, "बाईनू, आता मान फोडूक सांगशात, तर मी जेवणा नाय." बाई पोट धरून हसल्या. मान त्या वर्षी वाचली.

तिसरा बदल बाईंच्या निवृत्तीनंतरचा. तेव्हा आमच्या शाळेत संगणक आला होता, आणि मुलेच बाईंकडे बातम्या घेऊन जाऊ लागली होती. लांबमान्याच्या पुढच्या पायांना भिकू मेस्त्रींनी हत्तीसारखी नखे कोरली होती. खऱ्या प्राण्याची पुढची बोटे मात्र एका खांबात गोळा झालेली होती आणि आतल्या बाजूला एकच नखी होती. माथ्यावरच्या नाकपुड्याही तज्ज्ञांनी आता पुढे, तोंडाजवळ आणल्या होत्या. हाडातले भोक माथ्यावर असले तरी मांसातली नाकपुडी पुढे असणार, असे त्यांचे म्हणणे. नवे मुख्याध्यापक स्वतः बाईंच्या घरी गेले आणि पुतळा दुरुस्त करायला चला म्हणाले. बाई खुर्ची टाकून पटांगणात बसल्या आणि मेस्त्रींच्या सुनेने, ती आता स्वतः मूर्ती घडवते, बाईंच्या देखरेखीखाली नखे घासून आतली एकेकच ठेवली आणि नाकपुड्या पुढे आणल्या. त्या दिवशी बाईंनी मुलांना सांगितले, "तुमच्या मुलांना यातलं काही चुकीचं सापडेल. त्यांना रागावू नका."

मी शिक्षिका झाले त्यात बाईंचा वाटा किती, हे मला मोजता येत नाही. मला वर्गात एखादा प्रश्न आला आणि उत्तर ठाऊक नसले, तर मी तसे सांगते. मुलांना सुरुवातीला ते विचित्र वाटते. मग ती स्वतः शोधू लागतात. हे मी कुठल्याही प्रशिक्षणात शिकलेले नाही. माझ्या देखत एक शिक्षिका साडीसकट समुद्रात उतरली, तिथे मी ते शिकले.

गेल्या महिन्यात मी बाईंना भेटायला गेले होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन त्यांना स्वच्छ दिसू लागले आहे, गुडघे मात्र कुरकुरतात. सध्या जगभरच्या तज्ज्ञांमध्ये मानेवरून वाद चालू आहे. काहींनी मणके जुळवून पाहिले आणि म्हणाले की मान जमिनीला समांतर, पुढे ताठ असणार. एवढ्या उंच डोक्यापर्यंत रक्त चढवायला केवढे हृदय लागेल, असा त्यांचा प्रश्न. दुसरे म्हणतात, आजचे बहुतेक प्राणी मान उचलूनच उभे राहतात, मग यांनीच का नाही? आमची मुले दोन गटांत वाटली गेली आहेत आणि मुख्याध्यापकांनी मला निर्णय विचारून यायला सांगितले होते.

बाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "माका खबर नाय, सुमन. अजून कोणाकच खबर नाय. वाट बघा. निकाल लागेपर्यंत मी खंय जातंय?"

मी हे शाळेत सांगितले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वतीने, आज आमच्यात नसलेल्या माझ्या बाबांच्या वतीने आणि अजून शाळेत न आलेल्या मुलांच्या वतीनेही, मी बाईंना निरोगी, आनंदी आणि भरपूर लांब आयुष्य इच्छिते. त्यांचे गुडघे शांत राहोत, नजर अशीच स्वच्छ राहो आणि जिभेचा तिखटपणाही राहो. आणि हे लिखाण मानेच्या त्या वादातल्या कुणा तज्ज्ञांच्या हाती पडलेच, तर त्यांना हात जोडून माझी एक विनंती आहे. वाद सावकाश चालू द्या. आम्हांला निकालाची अजिबात घाई नाही.